छळ सोसलेला माणूस छळ करतो तेव्हा

मंडळी, आज 2023 च्या 'बाल्डर्स गेट 3' मधला अ‍ॅस्टेरियन. स्पॉयलर आहेत हं! काझाडोर या व्हॅम्पायरने त्याला 200 वर्षं गुलाम केलं, छळलं, त्याच्याकरवी माणसं भुलवून आणवली. पुढे कळतं, ती माणसं मेलीच नाहीत. व्हॅम्पायर होऊन तळघरात कैद आहेत. सुमारे 7000! त्यांचा बळी दिला, तर अ‍ॅस्टेरियनला अफाट ताकद मिळणार, कायम उन्हात फिरता येणार. आता बघा, त्या कोठड्यांपाशी गेम त्याला आपणच फसवलेल्या माणसांसमोर उभं करतो. त्याने सोसलं ते खरंच. पण ते कारण झालं, सबब नाही. बळी दिला, की तोच नवा काझाडोर होतो. तुम्ही समजावलंत तर थांबतो, पण ऊन गमावतो. सुटकेची किंमत इथे त्यालाच मोजावी लागते.