कसोटीची रेघ

धामणकर नाक्यावरच्या आमच्या शाखेत सोनेतारणाची गर्दी असे ती सुताचे भाव चढले की. यंत्रमागवाले घरातले किडुकमिडुक घेऊन येत. १९९२ साली असेच एक चाचा आले. मलमलीच्या चिंधीतून त्यांनी एक नाणे काढले आणि म्हणाले, "साहेब, कडेने धरा."

पंधरा रुपयांची मोहोर होती ती, १९१८ ची. पंचम जॉर्जच्या मुकुटावरचा बारीक नक्षीचा ठिपकान् ठिपका शाबूत! पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा मुंबईच्या टांकसाळीत या मोहोरा पाडल्या गेल्या. वजन आणि कस सॉव्हरिनइतकाच: जेमतेम आठ ग्रॅम, बावीस कॅरट. त्याच वर्षी मुंबईत सॉव्हरिनही पाडू लागले आणि मोहोर मागे पडली. यातले तेव्हा मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हते. बँकेत आम्हांला सोने कळे, नाणे नव्हे.

आमच्या सराफाने नियमाप्रमाणे मोहोर कसोटीच्या दगडावर घासली. मी सही केली.

पुढे एका कादंबरीच्या निमित्ताने नाणेसंग्राहकांत उठबस झाली, नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणेसंशोधन संस्थाही पाहिली, तेव्हा कुठे उमगले. संग्राहक आधी पाहतो ती टांकसाळीतून निघतानाची झळाळी. घासले, लिंबू-चिंचेने उजळले, कडी डाखली, की किंमत उतरली. शिवरायांचा सोन्याचा होन मुळातच दुर्मीळ. पण आपल्याकडे पुतळ्या काही कमी आल्या नाहीत. मूळच्या त्या व्हेनिसच्या मोहरा. त्यांतल्या कितीतरी कड्या लावून माळेत ओवल्या गेल्या. आमच्या आजीच्या गळ्यातही होत्या. बायकांनी हौस केली, त्यात त्यांचे काय चुकले? न वापरता ठेवलेले नाणे म्हणूनच एवढे विरळा.

आणि चाचांच्या घरात ते दोन पिढ्या तसे राहिले होते.

सहा महिन्यांनी कर्ज फेडून ते मोहोर न्यायला आले. खिडकीच्या उजेडात त्यांनी ती फिरवून पाहिली. कडेवरच्या रेघेपाशी बोट थांबले. मी रजिस्टर पुढे केले. त्यांनी सही केली, मोहोर पुन्हा चिंधीत गुंडाळली. या खेपेला मात्र कडेने धरली नाही.