सिबोरियम: झाकण असलेला पेला

खानदेशातलं पिंपळनेर कॅथलिक चर्चच्या नाशिक धर्मप्रांतात येतं. खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनसारख्या प्रोटेस्टंट मिशनांनीही काम केलं. त्यांच्या परंपरेतल्या चर्चमध्ये सिबोरियम शोधून सापडायचं नाही. का, ते पुढे कळेल.

मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, वेळी वेदीवर दोन तऱ्हेचे पेले दिसतात. उघडा असतो तो कॅलिस, द्राक्षारसाचा. झाकणाचा, वर बहुधा छोटा क्रूस असलेला, तो सिबोरियम. त्यात ख्रिस्तप्रसादाच्या पातळ पांढऱ्या चकत्या असतात. त्या फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी यांच्या; खमीर चालत नाही.

नाव ग्रीक ‘किबोरियन’वरून आलं. ग्रीक लोक इजिप्तमधल्या कमळाच्या बीजकोशाला असं म्हणत, आणि ते कमळ म्हणजे आपल्या तळ्यांत फुलतं तेच. पाकळ्या गळल्यावर उरणारा, झारीच्या तोंडासारखा भोकाभोकांचा कोश आठवा. त्या आकाराच्या पेल्यालाही मग तेच नाव पडलं. लॅटिनमध्ये ‘सिबुस’ म्हणजे अन्न, म्हणून नाव तिथून आलं असंही सांगतात. ऐकायला पटतं, पण व्युत्पत्ती ती नव्हे. वेदीवरच्या चारखांबी छत्रालाही सिबोरियमच म्हणतात, त्यामुळे जुनी वर्णनं वाचताना घोटाळा होतो.

आता झाकण. कॅथलिक श्रद्धेनुसार अभिमंत्रित भाकर ख्रिस्ताचं शरीर होते आणि मिस्सा संपल्यावरही तशीच राहते. म्हणून उरलेला प्रसाद टाकता येत नाही. तो सिबोरियममध्ये झाकून कुलूपबंद पवित्र कपाटात ठेवतात. गोव्यात त्याला ‘साक्रार’ म्हणतात. शेजारी दिवा अखंड तेवतो. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी यातूनच काही चकत्या ‘पिक्स’ नावाच्या छोट्या डबीत घालून घरी नेतात. बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रसाद असा राखून ठेवत नाहीत, त्यामुळे तिथं या भांड्याची गरजच पडत नाही.

गंजणारा धातू असेल तर आतून सोन्याचा मुलामा हवा, असा नियम आहे. 2004 च्या व्हॅटिकनच्या सूचनेत काच आणि माती यांना स्पष्ट नकार आहे. हा बडेजाव वाटेल, पण फुटणारं भांडं या कामाला नको, हे व्यवहाराचंही आहे. रिकामं झालं की धर्मगुरू आत पाणी फिरवून ते पितात, कणही वाया जाऊ नये म्हणून.

चर्चमध्ये हे भांडं हाताळायला मिळत नाही. चर्चची जुनी चांदीची भांडी निवांत पाहायची असतील, तर जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कला संग्रहालय गाठावं.