दुसऱ्याच्या पोराचा कान

संघटनेचा माणूस बोलावयास उभा राहिला की तो पगार, बोनस आणि संप यांवरच बोलणार अशी श्रोत्यांची खात्री असते. आज मी त्यांची थोडी निराशा करणार आहे. विषय घरगुती आहे. दुसऱ्याचे मूल वांडपणा करीत असेल तर आपण त्याला बोलावे काय, त्याचा कान धरावा काय, की मान फिरवून चालू लागावे? माझे शाळेतले शिक्षण जेमतेम दहावीचे. पुढचे जे काही आहे ते ग्रंथालयातून, कायद्याच्या पुस्तकांतून आणि माणसांशी झालेल्या भांडणांतून मिळालेले. तेव्हा बालमानसशास्त्राचे दाखले माझ्याकडून अपेक्षू नयेत. माझ्यापाशी एक प्रसंग आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. अर्जुनेला पूर आला होता. राजापूरकरांना पूर नवा नाही. पाणी जवाहर चौकाकडे सरकू लागले की दुकानदार माल वरच्या फळ्यांवर चढवतात आणि पोरे नेमकी उलट दिशेला, काठाकडे धावतात. त्या दिवशी चारपाच पोरे वाहत येणारी लाकडे ओढण्यासाठी पाण्यात उतरली होती. मी वरून ओरडलो तशी बाकीची पळाली, दोघे राहिले. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एका ओंडक्याशी त्यांची झोंबाझोंबी चालली होती. मी उतरलो, दोघांना दंडाला धरून बाहेर ओढले. काठावर आल्यावर एकाच्या दोन थोबाडीत दिल्या. दुसऱ्याला म्हणालो, "बाळ, घरी जा, आई वाट पाहत असेल."

ज्याला मारले त्याची आई काजूच्या कारखान्यात बिया फोडण्याचे काम करी. आमच्या संघटनेची सभासद. ज्याला बाळ म्हटले तो पेठेतल्या एका चांगल्या घरचा मुलगा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई माझ्या दारात आली. भांडण काढावयास आली असे मला वाटले. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, पोराला बाहेर काढलंत, तुमचे उपकार आहेत. मारलंत त्याचंही मला काही नाही. पण पाण्यात दोघे होते ना? मग मार एकालाच कसा?"

अशा प्रश्नाला मालकाची माणसे काय उत्तर देतात ते मी वाटाघाटींच्या टेबलावर अनेकदा ऐकले आहे. 'ती बाब वेगळी होती' असे ते म्हणतात. माझ्याही तोंडी तेच आले होते. मी ते गिळले आणि त्यांना बसावयास सांगितले.

तेव्हापासून या प्रश्नाचा मी विचार करीत आलो आहे. या विषयावर बोलणाऱ्यांत बहुधा दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पूर्वी सारे गाव मुलाचे आईबाप होते, कोणीही कान धरी, म्हणून मुले वळणावर होती. दुसरा म्हणतो, माझ्या मुलाला माझ्याखेरीज कोणी बोट लावता कामा नये. पहिल्या पक्षाचे म्हणणे मला जवळचे वाटते, कारण मी त्यातच वाढलो. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा तो संप सुरू झाला आणि कधीच रीतसर मिटला नाही, तोवर आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो. दहा बाय बाराची खोली, समोर गॅलरी, आणि सगळी दारे दिवसभर उघडी. मधल्या खोलीतल्या काकींनी माझ्या पाठीत कितीदा धपाटा घातला असेल याची मोजदाद नाही. गॅलरीच्या कठड्यावर चढलो म्हणून, नळावर रांग मोडली म्हणून, एकदा तर शिट्टी वाजवली म्हणून.

पण याच काकींकडे आई आजारी असताना मी पंधरा दिवस जेवलो. संपात आमच्या घरी धान्य नव्हते तेव्हा त्यांच्या घरीही नव्हते, तरी आमच्या ताटात काही ना काही येई. त्यांच्या धपाट्यामागे हे खाते होते. जुन्या पद्धतीचे गोडवे गाणारे धपाटा तेवढा आठवतात, ताट विसरतात. आज शेजारच्या सदनिकेतल्या मुलाचे नाव आपल्याला ठाऊक नसते, त्याच्या परीक्षेची, तापाची, एकटेपणाची आपण कधी विचारपूस केलेली नसते. आणि त्याने जिन्यात चेंडू आपटला की मात्र आपल्याला एकदम सामाजिक जबाबदारी आठवते. त्या मुलाने आपले का ऐकावे?

आता गावाकडे येऊ. येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. 'सारे गाव मुलाचे आईबाप' हे वाक्य आपल्या कोकणापुरते तरी अर्धेच खरे आहे. गावचा हात पडे तो वरून खाली पडे. खोताच्या वाड्यातला कोणीही कुळाच्या पोराला झोडपी, कैरी तोडली म्हणून, वाटेतून लवकर बाजूला झाला नाही म्हणून. कुळाने खोताच्या मुलाचा कान धरल्याची गोष्ट तुमच्यापैकी कोणी आजोबांकडून ऐकली आहे काय? मी तरी ऐकलेली नाही. ज्यांना अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवले होते त्यांची तर बातच वेगळी. दुसऱ्याच्या पोराचा कान धरावयास आधी त्याला शिवता आले पाहिजे. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्ष गेली ती 1949 च्या कायद्याने. जमिनीच्या कागदांवरून ती गेली. माझ्या हातातून ती गेलेली नव्हती, हे त्या बाईने मला दाखवून दिले. माझे आजोबा कूळ होते. संघटनेत तीस वर्षे घालवलेला मी, हात उचलताना कोणाच्या मुलावर उचलावा हे न शिकवता मला बरोबर ठाऊक होते.

शाळेतही हीच तऱ्हा होती. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण मुलांना सांगतो ती त्यांच्या बाणेदारपणासाठी. त्या गोष्टीत एक मास्तरही आहेत, ज्यांनी कोणी खाल्ल्या हे निश्चित झालेले नसताना सगळ्या वर्गाला शिक्षा फर्मावली. त्यांच्याविषयी आपण काही बोलत नाही.

या बाबतीत कायदा काय म्हणतो ते पाहणे बोधप्रद आहे. कायदा म्हटले की लोक घाबरतात, पण या ठिकाणी तो साध्या माणसाच्या समजुतीला धरून आहे. जुन्या भारतीय दंडसंहितेत एक तरतूद होती, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाने, किंवा पालकाच्या संमतीने दुसऱ्याने, सद्भावनेने केलेल्या कृत्याला काही मर्यादेत संरक्षण मिळते. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला ते मिळत नाही, कारण त्याला संमती कोणी दिलेली नसते. शाळेपुरते तर 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे, आणि तो कायदा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. म्हणजे जे गुरुजींना करता येत नाही ते वाटेवरच्या माणसाने करावे असे कोणी म्हणू शकणार नाही.

मग बुडणाऱ्या पोराला ओढावयाचे नाही काय? त्यासाठी दुसरी तरतूद आहे. माणसाचा जीव धोक्यात असेल, संमती विचारावयास वेळ वा माणूस नसेल, तर त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही. मात्र त्याला एक अट जोडलेली आहे. जाणूनबुजून दुखापत करावयाची असेल तर ती मृत्यू किंवा दुखापत टाळण्यासाठीच हवी, अन्य हेतूने नव्हे. माझाच दाखला घ्या. पुरातून ओढताना मुलाचा दंड मुरगळला असता तरी कायदा माझ्या पाठीशी उभा राहिला असता. काठावर आणल्यावर मारलेल्या दोन थोबाडीत मात्र माझ्या एकट्याच्या. तोवर धोका टळला होता. उरला होता तो माझा राग आणि माझी भीती.

मला वाटते, या सगळ्या प्रश्नाची फोड येथेच होते. थांबवणे वेगळे आणि शिक्षा करणे वेगळे. रुळांवर खेळणाऱ्या, कुत्र्याच्या शेपटीला फटाके बांधणाऱ्या, लहान पोराला घेरून छळणाऱ्या मुलाला थांबवण्याचा अधिकार प्रत्येक मोठ्या माणसाला आहे, आणि तो न वापरणे हा भेकडपणा आहे. आजकाल लोक अशा वेळी खिशातून मोबाईल काढून चित्रण करतात आणि ते गावभर फिरवतात. यापेक्षा काकींचा धपाटा परवडला. तो सायंकाळपर्यंत विसरला जाई. हे चित्रण त्या मुलाच्या लग्नापर्यंत पुरते.

शिक्षेची गोष्ट निराळी. कारखान्यात कामगाराला काढावयाचे तर त्याच्यावर आरोपपत्र ठेवावे लागते, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. 1946 साली स्थायी आदेशांचा कायदा झाला तो यासाठीच, मुकादमाच्या मर्जीवर माणसाची भाकरी राहू नये म्हणून. आम्ही संघटनावाले या चौकशीसाठी रात्ररात्र जागतो. आणि दहा वर्षांच्या पोराच्या बाबतीत आरोप, चौकशी, निकाल, अंमलबजावणी सगळे एका श्वासात उरकतो. लाकूड का ओढत होतास, असे मी त्या मुलाला विचारलेच नाही. पुढे आईकडून कळले. घरात चुलीला सुके जळण नव्हते. दुसरा मुलगा मौजेसाठी उतरला होता. म्हणजे दोघांत वेगळेपण होतेच, फक्त ते माझ्या थोबाडीच्या उलट बाजूस होते.

'हात लावू नका, आईबापांना सांगा', असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो बरोबर आहे. पण तोही डोळे उघडे ठेवून पाळावा लागतो. एकदा आमच्या कार्यालयासमोरच्या बांधकामावरून सळ्यांचे तुकडे उचलून भंगारात विकणारा एक पोरगा मी पाहिला. शहाणपणा करून मी त्याला एक शब्द बोललो नाही; सायंकाळी वडिलांना गाठून सांगितले. वडील पिऊन होते. तो मुलगा पुढे आठवडाभर शाळेत आला नाही आणि आला तेव्हा लंगडत होता. मी हात लावला नव्हता, तरी शिक्षा मीच केली होती, आणि तीही भलत्याच माणसाच्या हातून. तेव्हापासून मी घरात कोण आहे ते पाहून बोलतो. आजी असेल तर आजीशी, नाही तर गुरुजींशी, अंगणवाडीच्या ताईंशी. काय पाहिले एवढेच सांगतो, काय करा ते सांगत नाही. आणि मूल घरातच मार खात आहे असे दिसले तर 1098 हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. तो फिरवण्यास पैसे पडत नाहीत.

अंगणवाडीवरून एक आठवले, थोडे विषयांतर होईल. गावातल्या सगळ्यांच्या मुलांना सांभाळणारी, नाक पुसणारी, भांडणे सोडवणारी, वळण लावणारी अशी एक बाई आपण नेमलेली आहे. ही योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. जे काम आपण फुकट आणि रागाच्या भरात करू पाहतो ते ती वीसवीस मुलांबरोबर रोज करते, न मारता. तिला आपण पगार देत नाही, मानधन देतो. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे 2022 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. दुसऱ्यांच्या मुलांची चिंता असल्याचे सांगणाऱ्या समाजाने हा हिशेब एकदा तपासावा. बघा, शेवटी पगारावर आलोच!

आता पुन्हा त्या बाईंकडे. मी त्यांच्या घरी गेलो, मुलाला समोर बोलावले आणि चुकलो म्हणून सांगितले. तो काहीच बोलला नाही, जमिनीकडे पाहत राहिला. मोठ्या माणसाने क्षमा मागितली की काय करावयाचे असते हे त्याला कोणी शिकवले नव्हते. व्यापाऱ्यांच्या घरीही गेलो आणि त्यांचा मुलगा पाण्यात होता हे सांगितले. त्यांनी मला चहा दिला, आणि पुन्हा असे काही दिसले तर आपल्याला दूरध्वनी करा, परस्पर बोलू नका, असे सुचवले.

यंदाच्या पावसाळ्यात चौकात पाणी शिरले होते. त्याच घरातला एक धाकटा नातू, आठनऊ वर्षांचा, दुकानाच्या पायरीवरून पाण्यात अडकलेल्या एका वासराला दगड मारीत होता. आम्ही पाचसहा जण पाहत होतो. काजूच्या कारखान्यातून परतणारी तीच बाई गुडघाभर पाण्यातून थेट त्याच्यापाशी गेली, त्याचा दगड धरलेला हात मनगटाशी पकडला आणि म्हणाली, "ठेव खाली. आईपासून चुकलंय ते." मुलगा बावरून मागे वळला. मागे गादीवर आजोबा बसले होते. चौकातले सगळे त्यांच्याकडे पाहू लागले, मीही. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, आणि नातवाला म्हणाले, "काकू काय सांगतात ते ऐकू आलं ना?" मुलाने दगड खाली ठेवला. बाई वासराला हाकत चढावाकडे निघून गेली.