थुंकी निर्दोष, रोगी मात्र अत्यवस्थ

थुंकीत जंतू सापडले नाहीत म्हणजे क्षय नाही, हा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही दृढ आहे. एच.आय.व्ही.ची बाधा झालेल्या माणसाच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो.

याचे कारण पेशींच्या परस्परांना धरून राहण्यात आहे. फुप्फुसात क्षयाचे जंतू शिरले, की रक्तातून वाहणाऱ्या पांढऱ्या पेशींना तेथे थांबून वाहिनीच्या भिंतीपलीकडे जावे लागते. वाहत्या पेशीला हे थांबणे साधते ते आसंजक, म्हणजे चिकटून धरणाऱ्या, रेणूंमुळे. सिलेक्टिन जातीचे रेणू तिचा वेग कमी करतात; मग तिच्या अंगावरील एल.एफ.ए.-१ हा रेणू भिंतीवरील आयकॅम-१ला घट्ट धरतो. अशा जमलेल्या पेशी जंतूंभोवती गाठ बांधतात आणि बहुतेकांच्या शरीरात जंतू तेथेच जन्मभर कोंडलेले राहतात. एच.आय.व्ही. नेमका सीडी-४ पेशींचा घास घेतो. त्यांच्याविना गाठीची बांधणी सैल पडते व जंतू पसरतात. परंतु फुप्फुसात पोकळ्या कमी होत असल्याने थुंकीत ते थोडेच उतरतात. रोग बळावलेला, सूक्ष्मदर्शकाखालची काच मात्र स्वच्छ!

विषाणूची लबाडी एवढ्यावर थांबत नाही. पेशीतून बाहेर पडताना तो तिच्याच आवरणातील आयकॅम-१ अंगावर लेवून निघतो व त्याच्या आधारे पुढच्या पेशीला चिकटतो. क्षयाच्या दाहाने हे रेणू वाढतात. म्हणजे एक रोग दुसऱ्याला हातभारच लावतो.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने यात का पडावे, असे कोणी विचारील. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात मजुराला औषधापेक्षा निदानास लागणारे दिवस महाग पडतात. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य आहेत, एच.आय.व्ही.वरील उपचार २००४ पासून मोफत मिळू लागले. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये देण्याची योजना आहे. पण हे सारे रोग्याची नोंद झाल्यावर! ऐन वेचणीत झरी-जामणीहून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्यांदा येणे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी. ‘थुंकी निर्दोष’ असा कागद हाती पडला, की तो माणूस गावी परततो आणि खोकतच शेतावर जातो.

जंतूची जनुकीय खूण शोधणाऱ्या सीबीनॅट चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच मान्यता दिली. थोडे जंतूही तिला सापडतात आणि सुमारे दोन तासांत निकाल मिळतो. तेव्हा एच.आय.व्ही.बाधिताला खोकला, ताप वा वजनातील घट दिसताच केवळ काचेवर न विसंबता ही चाचणी त्याच दिवशी, त्याच्याच तालुक्यात झाली पाहिजे. आपल्या तालुक्यात ती होते काय, आणि तिची काडतुसे शिल्लक आहेत काय, हे ग्रामसभेत विचारायला तर काही खर्च येत नाही.