ओरखडा कुणावर उमटतो?

पावसाळा सरला की पेढीसारख्या नदीच्या पात्रात किंवा चिखलदऱ्याच्या घाटात काळ्या दगडांबरोबर पांढरे खडे दिसू लागतात. मुलं सगळ्यांनाच गारगोटी म्हणतात. त्यातले काही खरोखर गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झच्या कुळातले असतात. काही कॅल्साइटचे, तर काही झिओलाइट गटातले. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाझरत्या पाण्यातली खनिजं त्या पोकळ्यांत जमत गेली. रंगावरून ती ओळखणं अवघड. ओरखडून पाहिलं, की ओळख पटू लागते.

नियम सोपा आहे. कठीण खनिज मऊ खनिजावर ओरखडा काढतं. उलट घडत नाही. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी 1812 मध्ये याच नियमावर मऊपासून कठीणाकडे दहा खनिजांची क्रमवारी लावली: संगजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्लुओराइट, ॲपेटाइट, ऑर्थोक्लेज, क्वार्ट्‌झ, पुष्कराज, कुरुंद आणि हिरा. माणिक आणि नीलम ही कुरुंदाचीच रूपं.

हे दहाही नमुने जमवण्याची गरज नाही. आपलं नख या क्रमवारीत सुमारे अडीचवर येतं, तांब्याची तार तीनच्या आसपास, चाकूचं पातं आणि खिडकीची काच साडेपाचच्या जवळपास. जुन्या पुस्तकांत तांब्याचं नाणं वापरायला सांगतात, पण आजचा रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे. त्यापेक्षा वायरमधली तांब्याची तार बरी.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात जमीन सुधारण्यासाठी जिप्सम टाकतात. त्याच्या खड्यावर नखानेही रेघ उमटते. कॅल्साइटवर नख चालत नाही, चाकू सहज चालतो. स्टिल्बाइट नावाचं झिओलाइटही चाकूला दाद देतं. तिथे लिंबाचा रस मदतीला येतो. कॅल्साइटच्या भुकटीवर रस पिळला तर बारीक फेस येतो, स्टिल्बाइटवर येत नाही. गारगोटीवर चाकू ओढला तर करडी रेघ दिसते आणि इथेच अनेक जण फसतात. बोटाने पुसली की ती जाते, कारण ती पात्याच्या झिजलेल्या धातूची असते. म्हणून भुकटी पुसून खाच खरोखर पडली का, हे नखाने चाचपावं. चाचणी ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावर घ्यावी, कारण ऊन-पावसाने कुजलेला दगड मूळच्यापेक्षा मऊ लागतो. दोन खडे एकमेकांवर ओरखडून पाहत असाल, तर शेवटी ते अदलाबदल करून पुन्हा ओरखडावेत.

मोसचे आकडे वर्गातल्या क्रमांकांसारखे आहेत: पहिला कोण ते कळतं, दुसऱ्याला किती गुणांनी मागे टाकलं ते कळत नाही. कुरुंद नऊ आणि हिरा दहा. पण उपकरणांनी मोजलं तर हिरा कुरुंदाच्या कित्येक पट कठीण भरतो. हा फरक अणूंच्या बांधणीतून येतो. हिऱ्यात कार्बनचा प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी घट्ट जोडलेला असतो. पेन्सिलीतलं ग्रॅफाइटही कार्बनचंच, पण त्यातल्या थरांमधली पकड सैल असल्याने ते कागदावर घासताच सुटतं.

कठीणपणा म्हणजे मजबुती मात्र नव्हे. आपल्या काळ्या दगडातली मुख्य खनिजं पाच ते सहाच्या घरातली. त्यांवर चाकूची मात्रा फारशी चालत नाही. तरीही पाथरवट टाकी-हातोड्याने पाट्याला टाके घालतो, कारण तो दगड ओरखडत नसतो, घावाने त्याचे कण उडवत असतो. खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण घातला तरी वाचतो, अशी आपल्याकडची जुनी समजूत. तुकोबांच्या अभंगातही हा दाखला येतो. प्रत्यक्षात तो फुटतो. त्याच्या स्फटिकात ठरावीक दिशांना दुभंगणारी प्रतलं असतात आणि जुने कारागीर पातं टेकवून, नेमका ठोका देऊन त्याच प्रतलांवर हिरा चिरत. घासून पैलू पाडायचे असले, तर मात्र हिऱ्याचीच भुकटी लागते. हिरा सगळ्या दिशांना सारखा कठीण नसतो, म्हणूनच ते जमतं.