टर्बो गाडी तापते तेव्हा : कमी खर्चाचे काही उपाय

आपल्या संस्थेच्या सभासदांत गाडी चालवून संसार करणारे बरेच जण आहेत आणि त्यांतील अनेकांकडे जुनी टर्बो डिझेल गाडी आहे. मारुती कंपनीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बनविणे बंद केले. म्हणजे त्या कंपनीची रस्त्यावर धावणारी प्रत्येक डिझेल गाडी आता वयस्क झाली आहे. अशी गाडी उन्हाळ्यात घाट चढू लागली की तापमानाचा काटा वर जातो आणि मग नवा रेडिएटर, नवा टर्बो अशी खर्चाची यादी हाती पडते. ती यादी मान्य करण्यापूर्वी सुटीच्या दिवशी घरच्या घरी काय करता येईल, ते या लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे. विद्यार्थ्यांनीही तो वाचावा, कारण यात जे आहे ते सगळे शाळेतल्या उष्णतेच्या धड्यातलेच आहे.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात बरीच शक्ती वाया जाते. त्या धुराने एक लहान चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावर बसविलेल्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याची. त्याने तिचे पेटंट १९०५ साली घेतले. लहान मोटारीतील हे चक्र पूर्ण जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते, तोच प्रकार. बाहेरची हवा ३५ अंश सेल्सिअस असेल आणि टर्बोने तिचा दाब दुप्पट केला, तर ती साधारण १३० अंशांवर जाते. गरम हवा विरळ असते, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो. हीच हवा इंटरकूलरमधून फिरवून ६० अंशांवर आणली, तर त्याच दाबाला ती सुमारे एक-पंचमांशाने अधिक दाट होते. म्हणून टर्बो गाडीत तीन गोष्टी थंड राहाव्या लागतात : इंजिनचे पाणी, टर्बोचे तेल आणि आत जाणारी हवा. साध्या गाडीपेक्षा उष्णता जास्त आणि तिला बाहेर पडायची वाट मात्र तीच, समोरच्या जाळीतून.

या वाटेचे महत्त्व आम्हाला घाटात कळले. २०१७ साली २० मार्चला चवदार तळ्यावर अभिवादन करून आम्ही महाडहून वरंधा घाटाने भोरकडे परतत होतो. गाडीत माणसे पुरेपूर होती आणि पुढच्या बाजूला बंपरपासून बॉनेटपर्यंत फ्लेक्सचा फलक बांधलेला होता. सकाळी घाट उतरताना काही जाणवले नाही. दुपारी चढताना अर्ध्या वाटेतच काटा लाल रेषेला भिडला. गाडी थांबविली तेव्हा एक तरुण कार्यकर्ता रेडिएटरचे झाकण उघडायला सरसावला. त्याचा हात वेळीच धरला म्हणून बरे. बिघाड काहीच नव्हता. आम्हीच गाडीचे नाकतोंड बांधून ठेवले होते! फलक सोडला, पाऊण तास थांबलो आणि त्याच गाडीने घाट चढून आलो. तेव्हापासून आमचा फलक टपावरच्या कॅरिअरला असतो. जयंतीच्या मिरवणुकीत गाडी तासन्‌तास पावलापावलाने चालते, तेव्हा तर हे पथ्य अवश्य पाळावे. जाळीसमोरचे जादा दिवे, मोठे भोंगे आणि जाड हार हे याच जातीचे अडथळे.

वाट मोकळी केल्यावर पुढचे काम धुण्याचे. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि त्या दोहोंच्या मध्ये धूळ, किडे, पाचोळा यांचा थर बसतो. बाहेरून पाहिले तर जाळी स्वच्छच दिसते. इंजिन पूर्ण गार असताना आतल्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या नळाच्या धारेने धुवावे. गाड्या धुण्याच्या केंद्रावरील जोरदार धार वापरू नये, तिने पातळ पट्ट्या आडव्या होतात. आडव्या झालेल्या पट्ट्या बोथट सुईने सावकाश सरळ करता येतात. त्यानंतर रेडिएटरच्या कडेच्या फटी पाहाव्यात. हवा नेहमी सोपी वाट शोधते. बाजूला बोटभर फट असली तर रेडिएटरमधून जाण्याऐवजी ती तिथूनच निसटते. कारखान्यात लावलेल्या फोमच्या पट्ट्या जुन्या गाडीत गळून गेलेल्या असतात. त्या जागी जाड फोम किंवा रबराची पट्टी घट्ट बसवावी. गाडी थंड ठेवण्यासाठी पैसे खर्चायचेच असतील, तर पहिले शंभर-दोनशे रुपये मी या पट्टीवर खर्चीन.

पाण्याच्या बाबतीत आपण फार निष्काळजी असतो. वाटेत बोअरवेल दिसली की बाटली भरून रेडिएटरमध्ये ओतली. मराठवाड्यात, विदर्भात कितीतरी ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो आणि उष्णता अडवितो. बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात, एवढेच घालावे. कूलंट जास्त घातले म्हणजे गाडी जास्त थंड राहील, हा समज चुकीचा आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणी वरचढ आहे, कूलंट गंज रोखते आणि उकळणे लांबविते. रेडिएटरचे झाकणही तपासावे. आत एक बार जादा दाब टिकला तर साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांना उकळते. झाकणाचे रबर चिरले की हा सारा लाभ गेला. नवे झाकण फारसे महाग नसते.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही,’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो मानू नये. थर्मोस्टॅट नसेल तर सपाट रस्त्यावर इंजिन गारच राहते, डिझेल जास्त जळते, झीज वाढते. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. तोच काढला की काही पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनात फिरते आणि नेमकी चढावर गाडी तापते. बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर घालून मागची कड उचलण्याची युक्तीही अशीच. उभ्या गाडीत तिथून गरम हवा निघते खरी, पण वेगात काचेच्या पायथ्याशी दाब वाढलेला असतो आणि हवा उलटी आत शिरते.

इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारणे हा मात्र स्वस्त आणि खरा उपाय आहे. भंगार बाजारातून काच धुण्याची टाकी, तिची लहान मोटर, एक नोझल आणि एक बटण आणावे. वायरला फ्यूज विसरू नये. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. आपला माठ याच नियमावर चालतो. माठ मुंबईपेक्षा नागपुरात जास्त गार लागतो, तसाच हा फवारा कोकणच्या दमट हवेत कमी आणि विदर्भात जास्त उपयोगी पडतो. चढावर अधूनमधून काही सेकंद मारावा, सतत नव्हे. पाणी इथेही डिस्टिल्डच हवे. याची दुसरी बाजू अमेरिकेत दिसली. १९६२ साली तेथे ओल्ड्समोबाईल जेटफायर ही टर्बो मोटार निघाली. तिच्या इंजिनात जाणाऱ्या हवेत पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण सोडले जाई. त्यासाठी वेगळी टाकी होती आणि लोक ती भरायला विसरत. दोन वर्षांतच ती गाडी बंद झाली. तेव्हा फवारा बसविला म्हणून बाकीची कामे सोडू नयेत.

बिनखर्चाचे एक काम राहिले. घाट चढून आल्या आल्या चावी फिरवून गाडी बंद करू नये. इंजिन थांबले की टर्बोला तेल मिळणे थांबते, पण त्याचे धुराकडील लोखंड अजून धगधगत असते. आतले तेल करपते आणि त्याचा कोळसा बेअरिंगला घासत राहतो. मिनिट-दोन मिनिटे गाडी सावकाश चालू ठेवावी.

एवढे करूनही वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण सोडावा; तो एक छोटा रेडिएटरच आहे. घाम येईल, पण उष्णता बाहेर पडेल. काटा तरीही उतरला नाही तर गाडी बाजूला घ्यावी. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नये, लोखंड तडकते. निदान अर्धा तास थांबावे आणि झाकणाला हात लावण्यापूर्वी रेडिएटरची वरची रबरी नळी जाड फडक्याने दाबून पाहावी. ती कडक लागली तर आत अजून दाब आहे.