कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढताय? जरा थांबा!

'गाडी ओढत नाही? सायलेन्सरमधला तो डबा काढून टाका, बघा कशी पळते!' हा सल्ला सिहोऱ्यात काय किंवा सोलापुरात काय, गॅरेजच्या बाकावर फुकट मिळतो. पण तो मानण्यापूर्वी हा डबा करतो तरी काय, हे समजून घ्यायला हवे.

डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. धूर त्यातून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते आणि न जळलेल्या पेट्रोलची वाफही जळून जाते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास! रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. सकाळी बंद पडवीत गाडी चालू ठेवून मुलांना शाळेसाठी हाका मारणाऱ्या वडिलांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. शिवाय थंड असताना कन्व्हर्टर नीट काम करत नाही, म्हणून गाडी उघड्यावरच सुरू करावी.

आता 'ओढ' वाढण्याविषयी. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ नियमांनंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटर नाही. धुरातला ऑक्सिजन मोजून संगणक पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. कंपनीने हा सारा हिशेब कन्व्हर्टर धरूनच केलेला असतो. शिवाय अनेक गाड्यांत तो सायलेन्सरच्या नळीतच जोडलेला असतो, म्हणजे काढायचा तर नळीच कापावी लागते. एवढे करून मिळतो तो मुख्यतः आवाज, आणि मालकाला वाटते, ताकद वाढली!

बहुधा दोष दुसरीकडेच असतो. सिहोरा परिसर लोहखनिजाच्या खाणींचा. अशा धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर लवकर तुंबतो. आधी तो पाहा, मग प्लग, साखळी, क्लच आणि घासणारे ब्रेक. कन्व्हर्टर खरोखरच तुंबला असेल, तर तोही आपोआप तुंबत नाही. झिजलेल्या रिंगांमुळे ऑइल जळत असेल किंवा प्लग ठिणगी चुकवत असेल, तर जाळी काजळते, कधी वितळतेही. मूळ दोष तसाच ठेवून डबा काढणे म्हणजे ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर फोडणे!

कायदाही स्पष्ट आहे. २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहनात बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. प्रदूषणाचे कलम वेगळेच. त्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे आणि परवानाही तीन महिने जाऊ शकतो.

तेव्हा आधी मूळ दोष दुरुस्त करून घ्या. जाळी खरोखरच गेली असेल, तर कंपनीचाच नवा भाग बसवा. खर्च बराच येतो, पण गाडी वॉरंटीत असेल तर आधी तिकडे विचारा. आणि जुना डबा मिस्त्रीकडे सोडून येऊ नका. आतल्या धातूंमुळे भंगारातही त्याला चांगली किंमत येते. फुकट सल्ल्यामागे कधीकधी तीही असते!